गावडे सरांचं बेसिक

लालबागच्या ज्या गल्लीत जयवंतराव गावडे राहतात, तिथे कुणाचं काही अडलं तर लोक आधी देवाला हाक मारत नाहीत. देवाला निदान हाक तरी मारावी लागते. जयवंतराव त्याच्या आधीच दारात उभे असतात. नळाचा वायसर गेला, कुणाच्या आजोबांना हॉस्पिटलात न्यायचंय, मंडळाच्या मांडवाचा वासा कलला, की बाह्या सरसावून आणि "मी आहे ना" म्हणून ते कामाला लागणार. समोरचा "अहो काका, मी करतो" म्हणेपर्यंत काम उरकलेलं असतं, आणि तो बिचारा हातात पाना धरून आपल्याच घरात पाहुण्यासारखा उभा असतो. माणूस सोन्यासारखा, यात वादच नाही. फक्त त्यांच्या आसपास दुसऱ्या कुणाला करायला काही शिल्लक राहत नसे.

परळच्या एका हॉस्पिटलच्या स्टोअरमधून ते निवृत्त झाले, पण गल्लीत त्यांना 'सर' म्हणतात ते त्या नोकरीमुळे नव्हे. दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत स्काऊटचं पथक भरतं, त्याचे ते मास्तर. करडा शर्ट, गडद निळी पँट, गळ्यात स्कार्फ, असा पोशाख चढवून ते जिना उतरायला लागले की पोरं पत्त्यांचे डाव टाकून धावत. त्यांचा मुलगा विनीत याच पथकातून मोठा झाला. दर नाताळच्या सुट्टीत पथकाचा कॅम्प जायचा, कर्जतच्या पुढे, नदीकाठी. ज्या पोरांना घरी आडवं झालं की एकाचे पाय दुसऱ्याच्या उशीला लागतात, त्यांना हातपाय पसरून झोपायला मिळायचं ते वर्षातून तेवढंच. म्हणून कॅम्पची वाट ती दिवाळीपेक्षा जास्त बघत.

गेल्या नाताळात कॅम्प गेला नाही. वरून नियम आला होता: ज्या मास्तराचं बेसिक झालेलं नाही, त्याने मुलांना रात्रीच्या मुक्कामाला न्यायचं नाही. बेसिक म्हणजे सात दिवसांचा निवासी कोर्स. इतकी वर्षं मास्तरकी करून जयवंतरावांचं बेसिक झालेलं नव्हतं. दर वेळी कोर्सचं पत्रक आलं की ते म्हणायचे, "मी गेलो तर इथे पोरांकडे कोण बघणार?" आणि आपल्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचे. पाठवलेला माणूस शिकून यायचा आणि डोंबिवलीला नाहीतर विरारला राहायला जायचा. तिकडची पथकं त्यामुळे उत्तम चालली होती.

यंदाही कॅम्प नाही गेला तर पथकातला नववीतला संघनायक सम्यक आणि त्याच्याबरोबरची पोरं दहावीत जाणार, आणि मग त्यांचा कॅम्प कायमचाच राहणार. सम्यकने तसं बोलून दाखवलं नाही. तो नुसता दर शनिवारी विचारायचा, "सर, यंदा नक्की ना?" जयवंतराव म्हणायचे, "मी आहे ना."

तर दिवाळीच्या सुट्टीत परळच्या एका शाळेत कोर्स लागला आणि जयवंतरावांनी नाव घातलं. कोर्सची प्रमुख होती जेनेल गावडे, म्हणजे त्यांचीच सून. गिरगावातली, कॅथलिक घरातली मुलगी, शाळेत शिक्षिका, लहानपणापासून गाईडमध्ये. विनीतची आणि तिची ओळखही एका मेळाव्यातच झालेली. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी थोडे दिवस तोंड फुगवून घेतलं होतं, पण तिने केलेलं पोर्कचं सोरपोटेल जयवंतरावांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि विषय मिटला.

"आता सून शिकवतली तुमका," रमाबाई, त्यांच्या सौभाग्यवती, बॅग भरता भरता म्हणाल्या. "बरा झाला."

जेनेलने आदल्या दिवशी चहाच्या वेळी स्पष्ट सांगितलं, "पप्पा, तिथे मी मॅडम आणि तुम्ही ट्रेनी. घरचं घरी."

"बरोबर आहे. शिस्त म्हणजे शिस्त."

"आणि ज्याला जमलं नाही त्याला मी पास करत नाही. आधीच सांगून ठेवते."

जयवंतराव मनापासून हसले. सर्टिफिकेटवर सही करणारा हात रोज आपल्याच घरात पोळ्या लाटतो, तेव्हा सात दिवस मैदानात झोपून यायचं एवढंच काम आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

या कोर्सची गंमत अशी की त्यात मोठ्या माणसांना मुलं व्हावं लागतं. शाळेच्या मैदानात तंबू ठोकलेले. आलेल्या मास्तरांचे आणि गाईड कॅप्टन बायकांचे संघ पाडलेले, प्रत्येक संघाला पक्ष्याचं नाव. जयवंतराव खंड्या संघात पडले. त्यांची संघनायिका इरावती, शीवच्या शाळेतली नवीकोरी शिक्षिका, विनीतपेक्षाही दहा वर्षांनी लहान. सकाळी शिट्टी झाली की रांगेत उभं राहून नखं दाखवायची, अंथरुणाची घडी दाखवायची, आणि संघनायिकेला सलाम करायचा. पहिल्या दिवशी इरावती पाण्याची बादली उचलायला वाकली तर जयवंतरावांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने चुलीसाठी विटा मांडल्या, तर तिची पाठ वळताच त्यांनी त्या नीट मांडल्या. तिसऱ्या दिवशी ती काही उचलायच्या आधी आजूबाजूला बघायला लागली.

वर्गही होते. प्रथमोपचार झाला, दोरीच्या गाठी झाल्या, आणि मुलांच्या सुरक्षिततेवर एक पूर्ण सकाळ गेली. एका मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत थांबायचं नाही. मुक्कामाला निदान दोन मोठी माणसं. पालकांची परवानगी लेखी. फोटो काढून परस्पर कुठे टाकायचे नाहीत. जयवंतरावांचं डोकं तापलं. त्यांनी हात वर केला.

"म्हणजे आमच्यावर संशय का मॅडम? पोरांना मी पाठीवर घेऊन मोठं केलंय."

"तुमच्यावर नाही सर," जेनेल म्हणाली. "पण कुठल्याही पोराला उद्या काही खटकलं तर त्याला नियमाकडे बोट दाखवता आलं पाहिजे. मोठ्या माणसाकडे बोट दाखवायला पोरं घाबरतात."

जयवंतराव खाली बसले. जरा वेळाने त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि त्याखाली रेघ ओढली. चांगलं सांगितलेलं कळायचं त्यांना, एवढं त्यांच्याबद्दल म्हटलंच पाहिजे.

त्यांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, पण सात दिवस फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकापाशी रमाबाई उभ्या. हातात डबा. रखवालदाराने जेनेलला बोलावलं.

"गो बाय, हो बांगडो तेवढो दी तेंका," रमाबाई म्हणाल्या. "सात दिस खिचडीर रवतले काय ते?"

"आई, सगळ्यांना एकच जेवण आहे. एकट्यांना कसं देऊ?"

"मग सगळ्यांका दी. मी आणीन."

"आई."

रमाबाईंनी मैदानाकडे बघितलं. लांब तंबूपाशी त्यांचे यजमान ताट हातात धरून रांगेत उभे होते, पुढे इरावती आणि मागे एक टक्कल पडलेले गणिताचे मास्तर. रमाबाईंना हसू आवरेना. "रवांदे तर," असं म्हणून त्यांनी डबा तसाच परत नेला, आणि संध्याकाळी सगळ्या मजल्याला ते वर्णन करून सांगितलं.

चौथ्या दिवशी जयवंतरावांची मास्तर व्हायची पाळी आली. प्रत्येक ट्रेनीला एकदा मास्तर व्हावं लागायचं. संघातले बाकीचे त्या दिवशी त्याची पोरं. आणि इथे जेनेलने स्वतः काढलेली एक पद्धत होती, जिची सगळे ट्रेनी धास्ती घेत. सकाळच्या ध्वजवंदनानंतर मास्तराच्या दोन्ही हातांत एकेक कच्चं अंडं द्यायचं. जेवणाची शिट्टी होईपर्यंत ती अंडी हातात. अंडं न चालणाऱ्यांना पिकलेले चिकू. बोलायचं, विचारायचं, सुचवायचं, हवं तेवढं फिरायचं. पण हात लावायचा नाही. काम पोरांचं.

"एवढंच?" जयवंतराव म्हणाले.

त्यांच्या पोरांना काठ्या बांधून एक तिपाई करायची होती, हात धुवायचं घमेलं ठेवायला. इरावतीने तीन काठ्या घेतल्या, दोरी गुंडाळली, आणि तिपाई उभी करताच ती पाय फाकवून बसली. पुन्हा बांधली, पुन्हा बसली. गणिताचे मास्तर कोनांबद्दल बोलायला लागले. जयवंतराव आधी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मग "घट्ट, घट्ट" म्हणाले. मग कपाळावर घाम आला. दोरी उलट्या बाजूने चालली होती आणि ते बघताना त्यांच्या जिवाला इंगळ्या डसत होत्या. तिसऱ्यांदा तिपाई बसली तेव्हा त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. स्काऊटच्या शर्टाला छातीवर दोन खिसे असतात, झाकणाचे. त्यांनी एक अंडं डाव्या खिशात घातलं, एक उजव्या खिशात, बटणं लावली आणि म्हणाले, "सरका जरा. मी आहे ना."

तिपाई फर्स्टक्लास झाली. दोन माणसं चढून बसली असती तरी हलली नसती. जयवंतराव शेवटची गाठ आवळायला काठ्यांवर छातीने रेलले, आणि मग समाधानाने उठून उभे राहिले, तेव्हा जेनेल समोर उभी होती. ती तिपाईकडे बघत नव्हती. त्यांच्या दोन्ही खिशांतून पिवळा ओघळ पट्ट्यापर्यंत आला होता.

"अंडी माझ्याजवळच होती," जयवंतराव म्हणाले. "खाली ठेवली नाहीत."

खंड्या संघातल्या कुणाला हसू दाबता आलं नाही. जेनेल मात्र हसली नाही.

दुपारी तिने त्यांना व्हरांड्यात बोलावलं. फळा, दोन खुर्च्या, आणि समोर सगळ्यांना दिसेल अशी जागा. त्यांनीच सुरुवात केली.

"शर्ट धुतला मी. डाग गेला."

"सर, तुमच्या पाळीसमोर मला 'पुन्हा' लिहावं लागणार आहे."

"पुन्हा म्हणजे?"

"पुढचा कोर्स एप्रिलमध्ये आहे."

एप्रिल म्हणजे कॅम्प गेला. सम्यक गेला. त्यांना पोरांच्या रांगेतला एकेक चेहरा दिसायला लागला, आणि पाठोपाठ राग आला, तो घरच्या माणसाचाच येतो तसला. "जेनेल," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या पोरांसाठी मी काय केलं नाही ते सांग. तंबू मी लावतो. चूल मी पेटवतो. रात्री एकाच्या पोटात दुखलं तर सकाळपर्यंत शेकत बसतो. आणि तू एका अंड्यावरून मला नापास करतेस?"

"पप्पा," ती म्हणाली, आणि तिथे मॅडम राहायचं ठरलेलं ती विसरली. "लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी विनीतला कांदा चिरायला दिला. तुम्ही खाली मंडळात गेला होतात. त्याने सुरी हातात घेतली, कांद्याकडे बघितलं आणि मला विचारलं, पप्पांना बोलावू का?"

जयवंतरावांना यावर पटकन हसू यायला हवं होतं.

"मी हसले तेव्हा," ती म्हणाली. "पण त्याला खरंच लाज वाटली हो. मोठा माणूस, ऑफिसात हाताखाली लोक आहेत, आणि घरात त्याला कशालाही हात लावायची भीती वाटते. तुम्ही त्याला कधी ओरडला नाहीत, कधी मारलं नाहीत. सगळं करून दिलंत. तुमच्याइतकं प्रेम मी कुणाच्या बापात बघितलेलं नाही. पण त्या मुलांचं मी विनीतसारखं होऊ देणार नाही. शेवटच्या दिवशी ट्रेनींची स्वतःची पथकं येतात, अर्ध्या दिवसासाठी. तेव्हा एक संधी देते. नाहीतर एप्रिल."

ती उठून गेली. चार दिवस गणवेशात पाठ ताठ ठेवून चालणारी ती जिन्याच्या वळणावर थांबली, ओढणी नसलेल्या खांद्यावर तिने ओढणी शोधली आणि मग हाताच्या पाठीनेच डोळे पुसले. जयवंतरावांनी ते बघितलं. तिलाही हे सोपं गेलं नव्हतं, हे कळून त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं.

त्यांनी तंबूत जाऊन बॅग भरायला घेतली. घर दहा मिनिटांवर. तळलेला बांगडा असेल. आयुष्यभर ज्याने सगळ्यांचं केलं त्याने म्हातारपणी हे ऐकून घ्यायचं, आणि तेही सुनेकडून. विनीत कांद्याकडे बघत उभा आहे हे चित्र मात्र डोळ्यांपुढून जाईना. विनीतच्या बुटाची नाडी ते सातवीपर्यंत बांधत होते. ते त्यांना फार आवडायचं, हीच खरी गोष्ट होती. पोरगा पाय पुढे करायचा आणि त्यांना वाटायचं, आपण आहोत.

बाहेर काठ्यांचा आवाज आला म्हणून त्यांनी तंबूतून डोकं काढलं. इरावती जमिनीवर मांडी घालून बसली होती. त्यांनी बांधलेली तिपाई तिने पूर्ण सोडली होती आणि पुन्हा बांधत होती.

"मोडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, चांगली होती. मीच सोडली." ती ओशाळली. "तुमच्या गाठी सुटता सुटेनात. पण सुट्टीनंतर माझ्या वर्गातल्या मुली विचारतील ना, तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

तिने आणखी दोनदा चुकीची बांधली. जयवंतराव तंबूच्या दारात, दोन्ही हात काखेत दाबून उभे राहिले. तिसऱ्यांदा तिपाई उभी राहिली, जरा वाकडी, पण राहिली. इरावतीने त्यांच्याकडे बघितलं, आणि या चार दिवसांत त्यांनी तिला पहिल्यांदाच मोकळं हसताना बघितलं. बॅग त्यांनी रिकामी केली.

शेवटच्या दिवशी सकाळी लालबागहून पथक आलं. सम्यक पुढे, मागे दोनदोनच्या रांगेत पोरं, शेवटी सहावीतला उन्मेष, ज्याची टोपी नेहमी कानावर असते. दंडावर बॅजेस झळकत होते. काठ्याबांधणीचा बॅज तर प्रत्येकाला होता. काम असं: काठ्या जोडून ध्वजस्तंभ उभा करायचा, दोऱ्यांनी ताणून धरायचा, आणि त्यावर पथकाचा झेंडा फडकवायचा. सगळ्या पथकांना एकच काम. जेनेलने जयवंतरावांच्या हातांत अंडी दिली आणि ती दुसऱ्या पथकाकडे निघून गेली. त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

पोरांनी काठ्या आणल्या, आडव्या मांडल्या, आणि सगळ्यांनी माना वळवून जयवंतरावांकडे बघितलं.

त्यांना काही नवीन वाटलं नसतं एरवी. दर कॅम्पला पोरं अशीच बघायची आणि ते पुढे व्हायचे. आज त्यांना पहिल्यांदा त्या बघण्यातली सवय दिसली. ते जागचे हलले नाहीत. पोरं गोंधळली. मग सम्यकने दोरी घेतली आणि बांधायला लागला, आणि जयवंतरावांच्या लक्षात आलं की सम्यकला सुरुवात कुठून करायची हेच माहीत नाही. दंडावर बॅज, आणि हाताला गाठ माहीत नाही. परीक्षेच्या वेळी "असं रे, असं" म्हणत निम्मी गाठ त्यांनीच मारून दिली होती, प्रत्येकाची.

स्तंभ उभा केला तो मधूनच वाकला. दुसऱ्यांदा उभा केला तो आडवा झाला, आणि पोरं इकडेतिकडे पळाली. शेजारच्या पथकाचा झेंडा वर गेला आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर आणखी एकाचा.

सम्यक त्यांच्याजवळ आला. त्याचे कान लाल झाले होते. "सर, एकदा धरा ना. फक्त धरा."

"माझ्या हातात अंडी आहेत."

"ठेवा ना खाली."

"नाही ठेवता येत."

"सर, आम्हाला हे येतच नाही." त्याचा आवाज फाटला. "कॅम्पला तुम्हीच उभा करायचात. आम्ही नुसती दोरी धरून उभे राहायचो. तुम्हाला माहितीय."

"माहितीय."

"मग शिकवायचं ना आधी."

सम्यक असा कधी बोलत नसे. जयवंतरावांना वाटलं, अंडी टाकावी, पोराला जवळ घ्यावं, आणि हा स्तंभ असा उभा करून द्यावा की बाकीच्या पथकांनी बघत राहावं. काम दोन मिनिटांचं होतं. त्यांचे हात अक्षरशः शिवशिवले. मग त्यांनी दोन्ही अंडी छातीशी धरली.

"शिकवलं नाही, बरोबर बोललास," ते म्हणाले. "पण दोऱ्या तर धरल्यात ना इतकी वर्षं? मग सांग, तू धरून कुठे उभा असायचास?"

सम्यकने भुवया चढवल्या. "मी... पुढे. नदीच्या बाजूला."

"आणि तुझ्यासमोर कोण?"

"माझ्यासमोर कोण नसायचं. दोघं मागे असायचे, तिरके."

"मी आंब्याजवळ," उन्मेष मागून म्हणाला. "मला कळायचंच नाही मला इतक्या लांब का उभं करतात."

"लांब का उभं करत असू?" जयवंतरावांनी विचारलं.

सम्यकने काठीच्या टोकापासून जमिनीपर्यंत तिरकी नजर फिरवली. मग सम्यक पाठ फिरवून स्तंभाकडे गेला. त्याने उन्मेषला खांद्याला धरून दूर नेऊन उभं केलं, दुसऱ्याला दुसरीकडे. "नदी इकडे आहे असं समज. तू आंब्याजवळ. अजून मागे जा." पोरांना एकेक करून आपापल्या जागा आठवायला लागल्या. दोरी किती ताणलेली असायची हे त्यांच्या तळव्यांना ठाऊक होतं. सांध्याची गाठ नव्हती येत, तर एकाने ती कशीतरी गुंडाळगुंडाळ करून बांधली, दुसऱ्याने सोडली, तिसऱ्याने काठ्या एकमेकींवर जास्त चढवल्या. आपसात भांडले. एकाने दुसऱ्याला ढकललं. सम्यकने दोघांना ओरडून गप्प केलं, आणि त्या ओरडण्यात मास्तरांकडे बघणं राहून गेलं.

स्तंभ उभा राहिला. सरळ नव्हता. जयवंतरावांनी तसला स्तंभ आपल्या हाताने कधी उभा ठेवला नसता. सम्यकने दोरी ओढली, झेंड्याची घडी वर गेली आणि उघडेना. त्याने झटका दिला. उघडेना. जयवंतरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा झेंडा सुटला होता आणि सगळी पोरं वर बघत सलाम ठोकून उभी होती.

त्यांच्याकडे एकानेही बघितलं नाही. जयवंतराव आपल्या जागी उभे होते, त्यांना आनंद झाला होता, आणि त्याच वेळी असं वाटत होतं की भरल्या लग्नघरात आपल्याला कुणी पानावर बसायला सांगितलेलं नाही. दोन्ही खरं होतं. त्यातलं दुसरं त्यांनी गिळून टाकलं.

जेवणाची शिट्टी झाली. जेनेल आली, तिने त्यांच्या हातातून अंडी काढून घेतली. बोटं आखडून गेली होती, ती तिने एकेक करून मोकळी केली.

"झालं तुमचं बेसिक, पप्पा," ती म्हणाली.

"स्तंभ वाकडा आहे."

"हो. बघितला मी."

तिने त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि मग मॅडम होऊन दुसऱ्या पथकाकडे गेली.

जयवंतराव पोरांकडे गेले. ती स्तंभाखालीच बसली होती, खिचडीच्या ताटल्या मांडीवर घेऊन, आणि एकाच वेळी सगळी बोलत होती. ते आले तरी कुणी उठलं नाही. "कॅम्पची परवानगी मिळाली," त्यांनी सांगितलं. एकच कल्ला झाला. टोप्या उडाल्या. मग सम्यकने कॅम्पची वाटणी तिथल्या तिथे सुरू केली: तंबू कुणाचा, चूल कुणाची, नदीवरून पाणी कोण आणणार. उन्मेषने ठणकावून सांगितलं की आंब्याजवळ तो उभा राहणार नाही. सगळी कामं वाटून झाली. जयवंतराव कडेला उभे राहून ऐकत होते. त्यांच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

सम्यकच्या ते लक्षात आलं. तो मान वर करून म्हणाला, "सर, तुम्ही पण येणार ना?"

आजवर हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं. कॅम्पला पोरांना तेच न्यायचे. जयवंतरावांच्या तोंडावर नेहमीचं वाक्य आलं होतं, ते त्यांनी आत ढकललं.

"बोलावलंत तर येईन," ते म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. सम्यक उठला, बाकीचे उठले, आणि थोडं लांब जाऊन त्यांनी डोकी एकत्र घातली. खरोखरच चर्चा सुरू झाली. कुणी हात उडवत होतं, कुणी मान हलवत होतं, उन्मेषचा आवाज मधूनच वर येत होता. जयवंतराव स्तंभाजवळ वाट बघत उभे राहिले. सात दिवसांत परीक्षेची भीती अशी त्यांना वाटली ती त्या घटकेलाच. हाताला काही काम नव्हतं, आणि पोरं नाही म्हणाली तर काय, हा विचार मनातून जात नव्हता.

शेवटी सम्यक परत आला आणि समोर नीट उभा राहिला.

"या सर," तो म्हणाला. "पण तंबू आम्ही लावणार. तुम्ही शेजारी बसायचं."